थैली, पावती आणि तिकीट: मंडळीच्या नव्या खजिनदारासाठी

सलाम. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, सर्वसाधारण सभेत कोणीतरी तुमचं नाव सुचवलं, कोणीतरी अनुमोदन दिलं, आणि तुम्ही "नको" म्हणायच्या आत टाळ्या पडल्या. आता तुमच्या ताब्यात एक कपाट, अर्धी वापरलेली दोन पावती पुस्तकं, न जुळणारी रोकडवही आणि मागच्या खजिनदाराशी न बोलणारी तीन घरं आहेत. माझंही असंच झालं होतं. एसटीत २९ वर्षं कंडक्टर होतो, शेवटी शेवगाव डेपोतून निवृत्त झालो. "याला सुट्या पैशांची सवय आहे" एवढ्या पात्रतेवर मंडळीनं थैली, म्हणजे अर्पणाची पिशवी, गळ्यात घातली. १२ वर्षं सांभाळली. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी तिकिटाचं बोलू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एसटीत तिकीट म्हणजे हक्क. प्रवाशानं पैसे दिले, मी तिकीट फाडलं, की तो मला विचारू शकतो: खिडकी का लागत नाही, गाडी का थांबली, माझे सुटे कुठं आहेत. त्यानं विचारावंच. तोच प्रवासी मला मंडळीत भेटला तेव्हा मात्र मी गोंधळलो. "आम्ही वर्षाला इतके देतो आणि पाळकसाहेब तीन महिन्यांत घरी प्रार्थनेला आले नाहीत." "माइक आम्ही घेऊन दिला आणि आमच्याच मुलीला गाणं नाही." म्हणजे अर्पण टाकलं की तिकीट काढलं. १२ वर्षांत पैशावरून जेवढी भांडणं पाहिली, त्यांत खरोखर रक्कम कमी भरल्याची दोन. बाकी सगळी तिकिटाची. तुमचं काम एवढंच की देणाऱ्याला पावती मिळावी, तिकीट मिळू नये.

मोजणी

कंडक्टर ड्यूटीवर चढताना खिशातली स्वतःची रक्कम वे-बिलावर, म्हणजे ड्यूटीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहितो. वाटेत चेकर चढला, तर कोणता पैसा त्याचा आणि कोणता महामंडळाचा हे कागदावर असतं. मंडळीत हीच सवय लावा. मोजायला बसताना तुमचं पाकीट बाहेर, घरच्या माणसाकडे. कोणी हसलं तर हसू द्या.

थैली उपासना संपल्या संपल्या मोजायची. व्हेस्ट्रीचं, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीचं, दार उघडं, टेबल दारातून दिसेल असं. मोजणारे दोन, एका घरातले नव्हेत, आणि तुम्ही तिसरे, फक्त लिहिणारे. दर महिन्याला जोडी बदला. एक जण महिला मंडळातला असू द्या. माझा अनुभव असा की बायका चिकटलेल्या नोटा सोडवतात, पुरुष अंदाज करतात. थैली टेबलावर उलटी केली की काय पडतं ते एकदा बघाच: घामेजलेल्या हातातली दहाची नोट, चार घड्या घातलेली, मधोमध चिकटपट्टी, संडे स्कूलच्या पोरांची रुपया-दोन रुपयांची नाणी, एखादं बटण, आणि महिन्यातून एकदा कुठल्याच दुकानात न चाललेली फाटकी नोट. पाचशे किती, दोनशे किती, शंभर किती, नाणी किती, असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या. एक प्रत तुमच्याकडे, एक सचिवांकडे. सोमवारी बँकेत.

कोणी म्हणेल, "आमच्यावर विश्वास नाही का?" तेव्हा बायबलमधला २ राजे, अध्याय १२ उघडून द्या. मंदिराच्या डागडुजीचा पैसा वर्षानुवर्षं याजकांकडे जात होता आणि डागडुजी काही होत नव्हती. शेवटी यहोयादा याजकानं पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघं येऊन मोजत. दोघं! याजकावर अविश्वास म्हणून नाही. एकट्या माणसाला आपण निर्दोष आहोत हे कधीच दाखवता येत नाही, म्हणून. पौलानंही यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना सोबत माणसं घेतली, आणि कोणी बोट दाखवू नये म्हणून घेतली असं २ करिंथच्या ८ व्या अध्यायात स्वतःच सांगितलं.

थैलीतून थेट खर्च नाही. चहाचे ६० रुपयेसुद्धा नाही. किरकोळ खर्चासाठी बँकेतून काढलेले हजार-दोन हजार वेगळ्या डब्यात ठेवा. "आत्ता थैलीतून देऊ, मग लिहू" हे "मग लिहू" कधी लिहिलं जात नाही.

आणि एक रविवार सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मंगळवारी पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. १३ तारखेच्या रविवारी आमची थैली जितकी जड झाली, तितकी नाताळालाही कधी झाली नव्हती. हजाराच्या नोटा! ज्या घरांतून वीस रुपये येत, तिथूनही. ३० डिसेंबरपर्यंत बँक घेत होती म्हणून आम्ही त्या भरल्या, मंडळीचं छत त्यावर शाकारलं, देवाला धन्यवाद. पण मोजताना आमच्या एका मावशी म्हणाल्या, "रांगेत उभं राहायचा कंटाळा आला की देव आठवतो." मी त्या दिवशीच्या नोंदीत फक्त आकडा लिहिला.

क्यूआर कोड, आणि बोलणारा डबा

आता बरीच तरुण मंडळी खिशात पैसेच ठेवत नाही. क्यूआर कोड लावा, पण तो मंडळीच्या बँक खात्याचा असू द्या. खजिनदाराच्या, तरुण संघाच्या अध्यक्षाच्या, अगदी पाळकसाहेबांच्या नंबरावरचा कोड एक दिवसही भिंतीवर नको. "तात्पुरता" लावलेला कोड दोन नाताळ पाहतो आणि मग वर्षभराचे मेसेज कोणी, कसे जुळवायचे यावर सभा रात्री अकरापर्यंत चालते.

बँकेनं आम्हाला कोडबरोबर तो बोलणारा डबाही दिला. पहिल्या रविवारी मी मोठ्या कौतुकानं तो पुलपिटाच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाच्या, बाजूला ठेवला. अर्पणाचं गीत चालू, दुसरं कडवं, आणि डबा म्हणतो, "दोनशे रुपये प्राप्त झाले." सगळ्या माना वळल्या: मोबाइल कोणाच्या हातात आहे? थोड्या वेळानं, "पाच रुपये प्राप्त झाले." एक कॉलेजचा पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्या रविवारनंतर तो पोरगा अर्पणाच्या वेळी बाहेर जाऊन उभा राहायचा. डबा कपाटात आहे, बंद करून. तुमच्याकडे आला तर तुम्हीही तिथंच ठेवा.

पंख्यावरची नावं

इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त ताप याचाच.

आमच्या चर्चमध्ये १४ पंखे आहेत आणि मी आलो तेव्हा त्यातल्या ११ पंख्यांच्या पात्यांवर लाल ऑइल पेंटनं लिहिलेलं होतं: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून सप्रेम भेट. पंखा फिरतो तेव्हा काही दिसत नाही. वीज गेली की वाचता येतं, आणि आमच्याकडे वीज प्रवचनातच जाते. नाव लिहिण्यात वाईट काही नव्हतं, पण हळूहळू घरं आपापल्या पंख्याखाली बसू लागली. नवीन माणूस तिथं बसला तर वळून बघणं, घसा खाकरणं. मग एका एप्रिलमध्ये तिसऱ्या बाकावरचा पंखा जळाला. रिवाइंडिंगचे ४५० रुपये. देणाऱ्यांची मुलं म्हणाली, "मंडळीला दिला, मंडळीनं दुरुस्त करावा." बाकीचे म्हणाले, "नाव त्यांचं, हवा त्यांना, खर्च आम्हाला?" तो अख्खा उन्हाळा पंखा तसाच लटकत राहिला, पात्यावर त्यांच्या आजोबांचं नाव, आणि खाली बाक रिकामा. ४५० रुपयांसाठी नव्हे हो. आजोबांचा पंखा दुसऱ्याच्या पैशानं फिरला तर तो आजोबांचा राहत नाही, म्हणून.

जूनमध्ये मी पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीच्या कार्यकारी समितीत, ठराव मांडला: दिलेली वस्तू मंडळीची, दुरुस्ती मंडळीची, वस्तूवर नाव नाही. स्मरणार्थ देणाऱ्यांसाठी एक जाड वही करायची, त्यात नाव आणि तारीख, रक्कम नाही. सर्व पंखे उतरवून पुसले, पांढरा रंग मारला. आधी माझ्या स्वतःच्या आईच्या नावाचा पंखा उतरवला. हा क्रम महत्त्वाचा आहे, विसरू नका. तरी एक घर चार रविवार आलं नाही. दोन भावांपैकी थोरला परत आला. धाकटा आता नगरच्या बाजूला एका एसी हॉलमधल्या सभेला जातो. तिथं गिटार चांगली वाजते म्हणतात. वाजत असेलही.

नावाचीच दुसरी गोष्ट म्हणजे यादी. आमच्याकडे सणाच्या रविवारी पुलपिटावरून वाचत असत: यांचे पाच हजार, यांचे एक हजार एक, यांचे पन्नास. पन्नासवाली बाई रोजंदारीवर कांदे खुरपायला जाते, आणि तिचं नाव शेवटून दुसरं. मार्काच्या सुवार्तेतल्या त्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे तिच्याकडच्या शेवटच्या दोन छोट्या नाण्यांवर, आपण वर्षातून तीनदा प्रवचन ऐकतो आणि लगेच ही यादी वाचतो! मी वाचन बंद केलं. पहिल्या वर्षी सणाचं अर्पण कमी झालं, हे खरं सांगितलं पाहिजे, आणि सभेत ते माझ्या तोंडावर मारलंही गेलं. दोन वर्षं दम धरा. आता फळ्यावर एकच ओळ असते, एकूण रक्कम. दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या, लिफाफ्यांवर नाव नाही, क्रमांक. क्रमांकाची वही फक्त खजिनदाराकडे, आणि ती पाळकसाहेबांनाही दाखवायची नाही. विशेषतः त्यांना नाही. कोण किती देतो हे माहीत असलेल्या माणसाला आजाऱ्याला भेटायला जाताना दोन घरांत निवड करणं जड जातं. आमचे पाळकसाहेब हे ऐकून म्हणाले, "बरं झालं, ओझं उतरलं."

नगरला लष्कराचं ठाणं असल्यामुळे कधीकधी ईशान्येकडचे जवान उपासनेला येतात. एका मिझो जवानानं सांगितलं की त्यांच्याकडे बाया रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली मूठभर मंडळीसाठी बाजूला काढतात. १९१० पासून चालू आहे. सगळ्या घरांचे तांदूळ एकत्र झाले की कोणाची मूठ कुठली, कोण सांगणार!

लिलाव बंद करू नका

इतकं वाचून वाटेल की हा माणूस हंगामाच्या सणाला अर्पण म्हणून आणलेल्या वस्तूंचा लिलावही बंद करायला सांगणार. मुळीच नाही. बाजरीची कणसं, लिंबं, कोंबडा, कोणाच्या परसातला भोपळा, आणि आवारात ओरडणारी पोरं. मंडळी वर्षात एकदाच एवढी हसते. इथं माणसानं खुशाल गिऱ्हाईक व्हावं, भोपळा घरी जाणारच असतो. फक्त उधारी नको. एका वर्षी दोन साडूंनी एका भोपळ्याची बोली ३,१०० वर नेली. जिंकला त्यानं पैसे दिले नाहीत, हरला तो २,९०० ला घ्यायला तयार नाही, आणि भोपळा व्हेस्ट्रीत सडला. तेव्हापासून नियम: पैसे टेबलावर, मग वस्तू हातात. पाच मिनिटांत पैसे नाहीत, तर पुन्हा बोली.

"पाळकाला पगार आम्ही देतो"

हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल, बहुधा फाटकाजवळ. आमच्या डायसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या प्रांतात, मंडळी आपला ठरलेला वाटा वर भरते आणि पगार तिकडून येतो, म्हणजे हिशेबानंही ते वाक्य चूक आहे. तुमच्याकडे पगार मंडळीच्याच खात्यातून जात असेल, तर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतून जाऊ द्या. पाळकानं खजिनदाराकडे मागायला यावं, अशी वेळ आणू नका. मी काही मंडळ्यांत हे पाहिलंय: दहा तारीख झाली, आणि पाळकसाहेब खजिनदाराच्या ओट्यावर चहा पीत बसलेत. त्यांना पुढच्या रविवारी त्या खजिनदाराला चार खडे बोल सुनावता येतील का?

कोणी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण देतं. त्यांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, मग आमच्या पाळकाला कशाला? टिळकांनी स्वतःचा पगार सोडला होता, दुसऱ्याचा नव्हे. एवढं सांगून मी विषय बदलतो.

"बी पेरा" सभा

बाहेरून येणारे काही वक्ते म्हणतात, हजाराचं बी पेरा, देव शंभरपट देईल. यावर वाद घालू नका, हरता. मी इतकंच करतो: मंडळीच्या आवारात बाहेरच्या सभेला परवानगी देताना अर्पण मंडळीच्याच थैलीत, मंडळीच्याच मोजणीनं, आणि वक्त्याचं मानधन आधी ठरलेलं, असं लेखी घेतो. त्यानंतर बरेच वक्ते तारीख जुळत नाही म्हणतात.

माती

आता सगळ्यात नाजूक. वर्गणी थकलेल्या घरी मृत्यू होतो. रात्री दोन वाजता फोन येतो, सकाळी कबरीची जागा हवी असते, आणि कमिटीतला एखादा म्हणतो, "हीच वेळ आहे, सहा वर्षांचे वसूल करा." त्याचं म्हणणं मला कळतं. जे वर्षभर फिरकत नाहीत, त्यांना लग्नाची घोषणा आणि मातीची जागा एवढ्यापुरती मंडळी आठवते. ते खरे प्रवासी. तरीही त्या दिवशी पावती पुस्तक कपाटात ठेवा. कुलूप लावा. कबर खोदणाऱ्याची मजुरी घरच्यांना देता आली नाही, तर किरकोळच्या डब्यातून द्या. चाळीस दिवसांनी जाऊन भेटा, थकबाकीचं मग बोला, तेही त्यांनी विषय काढला तर.

पंख्यावरून गेलेल्या त्या धाकट्या भावाची सासू वारली तेव्हा तो एसी हॉलवाल्यांची दफनभूमी नाही म्हणून आमच्याकडे आला. फाटकापाशी उभा होता, आत येत नव्हता. मला विचारलं, "किती भरायचे?" मी म्हटलं, "खोदायला दोन माणसं लागतील, तू एक." कोट काढून त्यानं कुदळ घेतली. तो अजूनही तिकडेच जातो. वर्गणी अजूनही थकलेली आहे.

मात्र कुटुंबाची कबर "बुक" करण्यासाठी आगाऊ पैसे घ्यायची पद्धत तुमच्याकडे असेल, तर ती थांबवण्याचा ठराव करा. हळूच करा, पण करा.

मदत देताना

मंडळीच्या पैशातून कोणालाही उसने देऊ नका. द्यायचं तर मदत म्हणून द्या आणि विसरा. प्रेषितांच्या कृत्यांत ६ व्या अध्यायात पहिली कुरकुर झाली ती रोजच्या वाटपात काही विधवांना डावललं म्हणूनच, आणि त्यांनी सात माणसं नेमली. आम्ही तीन नेमली. शाळेची फी शाळेत, औषधाचे पैसे मेडिकलमध्ये थेट भरायचे. घेणाऱ्याचं नाव ठरावात नाही, फक्त क्रमांक. ज्याला मदत दिली त्याला उपासनेत उभं राहून साक्ष द्यायला लावू नका, फोटो तर नकोच.

कागद

धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकचा, म्हणजे विश्वस्त संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढा आणि मंडळीची मिळकत नक्की कोणत्या विश्वस्त संस्थेच्या नावावर आहे ते बघा. डायसिसच्या, जुन्या मिशनच्या, की तुमच्याच? अर्ध्या भांडणांचं मूळ तिथं सापडतं. हिशेब ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षकाकडे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. जागा विकायची, किंवा बिगरशेती जागा अथवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानं द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची. रस्त्याकडेच्या गाळ्यांचं कोणी "फक्त करारनामा आहे" म्हणून सही मागितली, तर पेन हरवलं म्हणा आणि वकिलाकडे जा.

परदेशातल्या नातेवाइकांचा पैसा बघून घ्या. दुबईतल्या मुलीकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि ती बँकेतून पाठवत असेल तर अडचण नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला भाचा मात्र कायद्यानं परदेशी स्रोत आहे. तो सुट्टीत येऊन रुपयांत दिले तरी! एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर ते पैसे प्रेमानं परत करा. भाच्याला राग येईल. आमच्याकडे आला होता.

पावती पुस्तकं नाताळाआधी तरुण संघाला देताना क्रमांक लिहून सही घ्या आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी स्थळप्रतींसह परत मागा. वापरली नसली तरी परत.

तुमची मुदत संपेल तेव्हा कपाट नव्या माणसासमोर उघडून मोजून द्या. मी दिलं तेव्हा डब्यात २० रुपये कमी भरले. दोघांनी तीनदा मोजलं. डेपोत कमी पडलं की खिशातून भरायचं, ही सवय. हात खिशाकडे गेलाही होता. नव्या खजिनदार बाईंनी तो धरला आणि म्हणाल्या, "अण्णा, तूट म्हणून लिहा." लिहिलं, खाली दोघांच्या सह्या केल्या. कपाटाची दुसरी किल्ली सचिवांकडे असते. ती मागून घेऊ नका.